पलटीचा तास

छप्पन सालच्या दसऱ्याला आई, बाबा आणि मी नागपूरला जाऊन बौद्ध झालो आणि पुढच्या जुलैत मला मास्तरकी लागली. गाव कळंबच्या अलीकडे, मोठ्या सडकेपासून दोन कोस आत. बाबा यवतमाळच्या जिनात कापसाच्या गाठींवर कामाला होते, ते तिथंच राहिले. आई माझी भाकर थापायला माझ्यासोबत आली. गावाबाहेर आमच्या लोकांच्या वस्तीच्या टोकाला आम्हाला एक खोली मिळाली.

शाळेत आम्ही दोनच मास्तर. हेडमास्तर वयानं मोठे, धोतर-टोपीतले, तपकिरीचे शौकीन, मनानं वाईट नव्हते. पहिली-दुसरी त्यांनी स्वतःकडे ठेवली होती, कारण ती लेकरं रडतात पण उलटून बोलत नाहीत. तिसरी-चौथी माझ्या गळ्यात आली. पहिल्या दिवशी त्यांनी हजेरीचं बुक दिलं, खडूचा डबा दिला आणि खिळ्यावरची वेताची छडी काढून पुढं केली.

"ही राहू द्या जवळ. हिच्याशिवाय या गावात अक्षर उमटत नाही."

मी ती घेतली आणि परत खिळ्याला अडकवली. त्याला कारण आई. त्याच दिवशी सकाळी मी सदरा घालत होतो आणि ती चुलीपुढून म्हणाली होती, "आपुन पाच वचनं देऊन आलो ना रे? त्यातलं पयलं कोणतं?"

"कोणाची हिंसा करायची नाही."

"मंग लेकरायले मारशील काय?"

"आई, ते जीव घेण्याबद्दल आहे."

"असन बाप्पा," ती म्हणाली. "मी अडानी. मले एवढा फरक समजत नाही."

झालं. आईला फरक समजत नाही म्हटल्यावर मलाही तो समजेना.

छडी नसलेल्या मास्तरचं काय होतं ते पुढच्या चार महिन्यांत मला कळलं. टेबलाच्या खणात सरडा निघाला. हजेरी घेताना एकाच नावाला तिघं 'हजर' म्हणू लागले. मी पाढे म्हणायला सांगितले की मागच्या रांगेतून कोंबडा आरवायचा. हेडमास्तर पलीकडच्या खोलीतून खाकरायचे, आणि त्या खाकरण्याचा अर्थ मला नीट समजायचा.

वर्गात तीन ठिकाणची पोरं होती. गावातली, आमच्या वस्तीतली आणि टेकडीखालच्या तांड्यावरची काही. तांड्यावरून एकच मुलगी यायची, पण तिचा आवाज दहा पोरांचा होता. घरी बंजाऱ्यांची गोरबोली, शाळेत वऱ्हाडी, आणि भांडायला दोन्ही. गावातल्या पोरांचा म्होरक्या पाटलाचा नातू, गोल चेहऱ्याचा, खाऊनपिऊन सुखी. वस्तीतल्या पोरांचा म्होरक्या एक काटकुळा, तो बोलताना पहिल्या अक्षरावर अडखळायचा, पण गोफण अशी चालवायचा की पाखरू वळून बघायचं नाही.

आणि व्हरांड्यात पाण्याचा माठ होता. वस्तीतल्या पोरांनी त्याला हात लावायचा नाही, कोणीतरी वरून ओंजळीत पाणी ओतायचं, अशी तिथली रीत. मी घरून माझा पाण्याचा पितळी गडवा नेत असे. मी नवा होतो, नोकरी कच्ची होती, आणि त्या माठाबद्दल मी पहिलं सालभर अवाक्षर काढलं नाही. हे सांगायला आजही जीभ जड होते, पण खरं ते खरं.

त्या हिवाळ्यात नाल्याकाठच्या बोरीवरून भांडण पेटलं. बोर लगडली होती. गावची पोरं म्हणाली, झाड आमच्या बाजूचं. वस्तीची म्हणाली, मूळ आमच्या बाजूचं. एका शनिवारी सकाळी शाळेत येता येता दगडफेक झाली. काटकुळ्याच्या कपाळावर खोक पडली आणि पाटलाच्या नातवाचा सदरा खांद्यापासून खाली फाटला. दोघं तसेच वर्गात आले, मागून सगळी फौज. मी कपाळ धुऊन त्यावर चिंधी बांधली. सगळे माझ्याकडे बघत होते. जखमी पोरगा माझ्या समाजाचा, मारणारा पाटलाच्या घरचा. मास्तर आता कोणाकडून बोलतो, एवढंच त्यांना बघायचं होतं. संध्याकाळी ते गावभर झालं असतं.

"काय झालं ते सांगा," मी म्हणालो.

दोघं एकदम सुरू झाले. मग त्यांच्या मागचे सुरू झाले. तांड्यावरची पोरगी बाकावर उभी राहून दोन्हीकडच्यांना खोटारडे म्हणू लागली. माझं डोकं भणभणलं आणि वैतागून मी ओरडलो, "गप! तुमचं तुम्ही कोणीच सांगू नका! तू याचं सांग, हा तुझं सांगेल!"

खरं सांगतो, यात काही विचार नव्हता. नुसता वैताग होता. पण वर्ग चिडीचूप झाला.

"म्हंजे कसं जी?" पाटलाच्या नातवानं विचारलं.

मला तरी कुठं माहीत होतं! पण बोलून बसलो होतो. "म्हणजे, तू आता हा आहेस. याच्या जागेवर जाऊन बस आणि याच्या तोंडचं बोल. त्यानं हो म्हटलं पाहिजे."

तो काटकुळ्याच्या जागेवर जाऊन बसला. थोडा वेळ छताकडे बघितलं. मग म्हणाला, "मी... म-म-मी सकाळी उठलो." वर्गात खसखस पिकली. काटकुळ्याचे डोळे बारीक झाले. "मले भूक लागली होती. घरी कालचीच भाकर होती, थे लहान बहिणीले देल्ली. मंग मी म्हटलं, ब-बोरं खातो."

"थे तुले कसं मालूम?" काटकुळा एकदम म्हणाला.

"तूच त म्हने तिथं, दगड मारताना. भाकर बहिणीले देल्ली म्हने, म्हून बोरं पायजे म्हने."

"म्हटलं होतं," काटकुळ्यानं कबूल केलं.

मग त्याची पाळी. तो पाटलाच्या नातवाच्या जागेवर ऐसपैस बसला, पोट पुढं काढलं, गाल फुगवले आणि अजिबात न अडखळता बोलला, "मी गावचा राजा हाओ. पण मले झाडावर चढता येत नाही. पोट्टे हासतात. म्हून मी खाली उभा राहून म्हणतो, झाड मायं हाये." पाटलाच्या नातवाचं तोंड आधी लाल झालं, मग त्याला हसू फुटलं, आणि ते इतकं फुटलं की फाटका सदरा आणखी फाटला. पाठोपाठ सगळा वर्ग हसला. काटकुळा आपल्या कपाळाला हात लावून हसत होता, कारण हसलं की खोक दुखायची.

सोमवारी मला खबर मिळाली की काटकुळा झाडावर चढतो, पाटलाचा नातू खाली धोतर पसरून धरतो आणि तांड्यावरची पोरगी वाटे करते. धोतर त्याच्या आज्याचं होतं, ते आज्याला मागाहून कळलं.

त्या दिवसापासून शनिवारचा शेवटचा तास ठरून गेला. नाव मी ठेवलं नाही, पोरांनीच ठेवलं: पलटी. आठवडाभर कोणाचं कोणाशी वाजलं की लगेच हाक यायची, "शनिवारी पलटी!" नियमही त्यांचेच. ज्याचं बोलतो त्याच्या जागेवर बसायचं. नक्कल चालेल, पण व्यंगाची नाही. हा नियम काटकुळ्याच्या अडखळण्यावरून झाला, आणि तो मांडला पाटलाच्या नातवानंच. समोरच्यानं 'हो, असंच' म्हटल्याशिवाय उठायचं नाही. एकदा एका पोराला तीन शनिवार बसावं लागलं, कारण तांड्यावरची पोरगी 'हो' म्हणेचना. शेवटी त्यानं तिची याडी, म्हणजे आई, तिला घरी कशी हाक मारते तेही शिकून आणलं, तेव्हा ती हसली आणि तो सुटला.

मला सर्वांत नवल वाटायचं ते तयारीचं. दुसऱ्याचं सांगायचं तर आधी ते माहीत पाहिजे. म्हणून पोरं भांडल्यावर एकमेकांच्या घराकडं फिरू लागली. तुझी म्हैस कोण चारते, तू उशिरा काहून येतो, असल्या चौकशा सुरू झाल्या. वर्गात गोंगाट तेवढाच होता, पण सरडा परत आला नाही.

एका शनिवारी दिपोटीसाहेब, म्हणजे शाळा तपासणारे, बैलबंडीतून अचानक आले, तेव्हा नेमकी पलटी रंगात आली होती. हेडमास्तरांचा रंग उडाला. साहेब दारात उभे राहून बराच वेळ ऐकत राहिले. मग आत येऊन म्हणाले, "हा कोणता विषय?"

मी घाबरून म्हणालो, "शांतीचा, साहेब."

"असं? मग सांगा पाहू मुलांनो, शांती म्हणजे काय?"

तांड्यावरची पोरगी उठलीच. "शांती म्हंजे आधी थो माया तोंडचं बोलते, मंग मी त्याच्या तोंडचं बोलते, मंग आमाले भूक लागते अन् आमी घरी जातो."

साहेब इतके हसले की टोपी काढावी लागली. शेऱ्याच्या वहीत त्यांनी लिहिलं: मुले निर्भय आहेत, गोंगाट फार आहे. यातलं कौतुक कोणतं आणि ताशेरा कोणता, यावर हेडमास्तर आणि मी पुढं आठवडाभर विचार करत होतो.

दुसऱ्या वर्षी, दिवाळीची सुट्टी संपल्यावर, जे व्हायला नको होतं ते माझ्याच हातून झालं.

दुपारचं ऊन होतं. मी फळ्यावर त्रैराशिक मांडत होतो, घसा कोरडा पडला होता. पाटलाचा नातू खिडकीपाशी बसला होता आणि माझा गडवा खिडकीत होता. "दे रे जरा तो गडवा," मी मागं न बघता म्हणालो. काही हललं नाही. मी वळलो. तो उभा होता, हात पाठीमागं.

"काहून रे?"

"आबा म्हणते," तो म्हणाला, "तुमच्या गडव्याले हात लावला तं आंघोळ करा लागते."

त्यात कुचकेपणा नव्हता. आभाळ आलं, आता पाऊस येईल, असं सांगावं तसं त्यानं सांगितलं. पण माझा हात उठला. गालावर बसलेल्या त्या थापडेचा आवाज मलाच परका वाटला. पोरगा रडला नाही. पाटी घेतली आणि चालता झाला. मी राहिलेलं गणित सोडवलं, ते चुकलं, आणि एकाही पोरानं ते दाखवून दिलं नाही.

घरी आईला सांगितलं. ती भाकर थापत होती, थापतच राहिली. शेवटची भाकर तव्यावरून उतरवून मग म्हणाली, "आता?"



पाटलाचा नातू तीन दिवस शाळेत आला नाही. शनिवारी आला, आपल्या जागेवर बसला, माझ्याकडे बघितलं नाही. शेवटचा तास लागला. मी विचारलं, "आज कोणाची पलटी?" माझा आवाज मलाच चोरटा वाटला.

तांड्यावरची पोरगी उभी राहिली. या वेळी हळू बोलली. "गुरुजी, तुमचीच बाकी हाये."

सगळा वर्ग खाली मान घालून बसला. मी खुर्चीवरून उठलो आणि पाटलाच्या नातवाच्या जागेवर जाऊन बसलो. बाक इतका बुटका वाटला की तिथून फळा डोंगरासारखा दिसत होता. तो उठून माझ्या खुर्चीत बसला. त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते.

मी सुरू केलं. "मी दहा वर्षांचा आहे. माझा आबा मला फार आवडतो. त्यानं मला बैल हाकायला शिकवलं. नाल्यात डोह कुठं आहे ते दाखवलं, तिथं खरंच डोह निघाला. साप कोणता विषारी ते सांगितलं, तेही खरं निघालं. मग त्यानं गडव्याचं सांगितलं, तेही मी खरंच धरलं. गुरुजींनी विचारलं, काहून? गुरुजी नेहमी म्हणतात, खरं बोला. मी खरं बोललो. तर मला मार बसला."

मी थांबलो. "असंच?"

"असंच," तो म्हणाला. मग आठवून, "गाल लाल झालता, थे राह्यलं."

"आणि गाल लाल झाला होता," मी म्हणालो.

"हो. असंच."

आता त्याची पाळी. त्यानं खुर्चीचे दोन्ही हात धरले. "मी गुरुजी हाओ. मी लहान होतो तवा शाळेत दाराच्या भाइर बसत होतो. पानी आलं का पाटी धुऊन जाये, मंग मास्तर म्हने, तू लेहिलंच नाही." हे मी या गावात कोणालाच सांगितलं नव्हतं. "तहान लागली का वरून पानी वते, अर्धं माया बाहीत जाये. लेकरं हासे. तरी मी शिकलो. मास्तर झालो. मले वाटलं, आता झालं. अन् एका पोट्ट्यानं मले पुन्हा तेच म्हटलं. थे पोट्टं मले आवडत होतं." इथं तो जरा लाजला. "म्हून जास्त लागलं."

मी विचारलं, "हे तुला कोणी सांगितलं?"

"सांगितलं नाही कोनी. मीच इचारलं. तुमच्या मायले."

बुधवारी, मी शाळेत असताना, हा पोरगा आमच्या दारात जाऊन उभा राहिला होता आणि आईला म्हणाला होता, मले गुरुजीचं सांगा लागते, गुरुजी कसे होते? आईनं त्याला ओट्यावर बसवून माझं सगळं बालपण सांगितलं, आणि मला त्याबद्दल चकार शब्दही बोलली नाही.

"उन्हाचा चालत गेलतो," तो पुढं म्हणाला, "तिनं मले पानी देल्लं. मी पेलो. दोन गिलास पेलो." आणि मग जरा ऐटीत, "आंघोळ नाही केली."

"थेच म्हटलं," तांड्यावरची पोरगी नाक धरून म्हणाली, "सकाळपासून कायचा वास येऊन राह्यला!"

छप्पर उडेल असा वर्ग हसला. पलीकडून हेडमास्तर खाकरले, पण कोणाच्या कानावर गेलं नाही. मी डोळे पुसत होतो, आणि ते हसून आलेलं पाणी होतं की कसलं, ते मी ठरवू शकलो नाही. "असंच," मी म्हणालो. "सगळं असंच. माझं चुकलं रे."

"मायंबी," तो म्हणाला आणि खुर्चीवरून उडी मारून खाली आला.

घंटा झाली. पोरं व्हरांड्यात आली. पाटलाच्या नातवानं माठात गिलास बुडवला, प्यायला, आणि तोच गिलास काटकुळ्याच्या हातात दिला. काटकुळ्यानं एकदा माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यानं आपल्या हातानं माठात गिलास बुडवला. त्याच्यामागं वस्तीतली बाकीची पोरं रांगेनं उभी राहिली. हेडमास्तर बाहेर आले होते. त्यांनी ते बघितलं, तपकिरीची चिमूट नाकाशी नेली, आणि आभाळाकडे तोंड करून म्हणाले, "मास्तर, मी आत आहे. मला इकडचं काही दिसत नाही." आणि आत गेले. त्यांच्याबद्दल मला त्या दिवसापासून माया वाटू लागली.

सोमवारी पाटील स्वतः आले. पांढऱ्या मिशा, हातात काठी. मला वाटलं, संपलं. ते दारात उभे राहिले, उंबरा ओलांडला नाही.

"मास्तर, तुमी काय शिकवून राह्यले पोट्ट्यायले?"

"काय झालं, पाटील?"

"काय झालं म्हंता! माह्या भावासंगं वावराच्या धुऱ्यावरून बारा सालापासून बोलनं नाही. अन् हे पोट्टं रातदिन मले म्हणते, आबा, मी तुमच्या भावाचं सांगतो, तुमी 'हो, असंच' म्हना. जेवू देत नाही! काल त्याच्या घरी जाऊन सगळं इचारून आलं!"

"मग? बरोबर सांगतो का?"

पाटलांनी काठी आपटली. थोडा वेळ मिशी ओढली. "सांगते बरोबरच," ते म्हणाले. "थेच त बेजार करून राह्यलं." मग जायला वळले आणि पाठमोरेच बोलले, "ज्वारी हुरड्यात आली हाये. पोट्टं म्हणते, सारा वर्ग बोलवा. सारा म्हंते. आना मंग."

त्या शनिवारी आम्ही सगळे त्यांच्या शेतात गेलो. गोवऱ्यांच्या एकाच आगटीत कणसं भाजली आणि तांड्यावरची पोरगी सगळ्यांच्या तळहातावर गरम हुरडा चोळून टाकत होती. तिळाची चटणी होती, गूळ होता. पाटील पंगतीत बसले नाहीत. राघू हाकलायच्या निमित्तानं ते लांब धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून होते. त्यांच्या घरात मी पुढंही कधी गेलो नाही, त्यांनी बोलावलं नाही. पण नातवानं ओंजळभर हुरडा त्यांच्याकडे नेला तेव्हा तो काटकुळ्याच्या हातचा भाजलेला आहे हे त्यांना लांबून दिसत होतं. त्यांनी एकेक दाणा तोंडात टाकला. थोड्या वेळानं धुऱ्याच्या पलीकडून दुसरा एक म्हातारा, तशाच पांढऱ्या मिशांचा, आपल्या वावरातून चालत आला आणि चार हात अंतर ठेवून बसला. ते बोलले नाहीत. पाटलांनी ओंजळीतला उरलेला हुरडा मधल्या पळसाच्या पानावर ठेवला आणि राघू हाकलायला उठले. परत आले तेव्हा पान रिकामं होतं. त्यांनी आमच्याकडे तोंड करून हाक दिली, "पोट्टेहो, आनखी आना!"

चार पोरं एकदम धावली, आणि हुरडा कोणी न्यायचा यावरून वाटेतच त्यांची जुंपली.